नलूवहिनींचा शुक्रवार

दर शुक्रवारी सकाळी नाश्त्याची वेळ टळली, की आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं आणि नलूवहिनी बाहेर पडायच्या. अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, कपाळावर ठसठशीत टिकली, हातात पर्स. लिफ्टने खाली जायच्या, वॉचमनशी मोडक्यातोडक्या हिंदीत दोन शब्द बोलायच्या आणि लगेच वर येऊन त्याच दाराची बेल दाबायच्या. "हाय का कुनी घरात? पाहुनी आलीया!" दार सुहास उघडायचा. त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा असायचा. नलूवहिनी आत जाऊन सोफ्यावर बसायच्या आणि चहाची वाट बघायच्या.

कतारला, दोह्याच्या अल सद्द भागातल्या त्या इमारतीत आम्ही नवे होतो, तेव्हा मला वाटलं, बाई दर वेळी किल्ली विसरतात. एकदा लिफ्टमध्ये विचारलं. त्या हसल्या. "किल्ली हाय की पर्समदी. पन सुट्टीच्या दिवशी मी नोकरीच्या दारानं आत जात न्हाई. आज मी या घरची थोरली सून."

गोष्ट अशी होती. सुहास पुण्याचा इंजिनियर, मूळ गाव साताऱ्याकडचं. त्याच्या आईला, म्हणजे आक्कांना, पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. त्यांना दोह्याला आणलं, पण नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, सांभाळणार कोण? परकी बाई नको, म्हणून चुलतभावाच्या विधवा बायकोला, नलूवहिनींना, घरकामाच्या व्हिसावर बोलावून घेतलं. पगार ठरला, करारावर सह्या झाल्या. करारात आठवड्याची सुट्टी होती, वर्षाची रजा होती. सह्या होताना सुहास म्हणाला होता, "हे सगळं कागदापुरतं हं वहिनी. आपण घरातली माणसं. घरच्या माणसाला कसली सुट्टी?"

"व्हय," नलूवहिनी म्हणाल्या होत्या. "मंग तुमी बी घरातलंच न्हवं? शुक्रवारी आक्काचं तुमी करा."

हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, चवीचवीनं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नात्याला सुट्टी नसती ताई, कामाला असती. मला कामाला आनलंय." मला ते फार आवडायचं, कारण मी हमद पोर्टला एका शिपिंग कंपनीत एचआरमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या रजा मंजूर करणं हेच माझं काम. क्रेन चालवणारा असो की साहेब, रजा मागताना कुणी त्याला नातं विचारत नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये मात्र एक बाई आपल्या हक्काचा दिवस मिळवण्यासाठी दर आठवड्याला पाहुणी होत होती.

काम त्या कसं करायच्या, ते बघण्यासारखं होतं. आक्कांना धरून पॅसेजमध्ये चालवायच्या. "यल्ला आक्का, यल्ला! चला! पाय वडत न्यायचा न्हाई, उचलायचा." आक्का रडकुंडीला आल्या, की वहिनी डोळे वटारायच्या, "रडून पाय हालत असता तर मी बी रडले असते तुमच्यासंगं." मग दोघीही हसायच्या. आक्कांच्या अंगाला कधी जखम झाली नाही, कधी वास आला नाही. एकदा कुणीतरी पाहुणीने वहिनींच्या टिकलीकडे बघून नाक मुरडलं, तर त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "नवरा गेला बाई. कपाळ हाय तितंच हाय."

खरा तंटा झाला तो त्यांच्या लेकीच्या, सीमाच्या बाळंतपणावरून. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आपला रिवाज. पण सीमाचं माहेर म्हणजे एकट्या नलूवहिनी. "मी न्हाई गेले तर पोरीनं कुनाच्या दारात जायचं? आईबिगर म्हायेर म्हंजे कुलूप लावल्यालं घर." त्यांनी रजा मागितली. सुहास म्हणाला, प्लँटचं शटडाउन आहे, दुरुस्तीच्या कामात मला घरी थांबता येणार नाही, पुढच्या वर्षी जा. वहिनी म्हणाल्या, "बाळाला सांगू का, पुढच्या वर्षी ये म्हनून?" त्यांनी पासपोर्ट मागितला. तो सुहासच्या लॉकरमध्ये होता, 'सुरक्षित'. इथला कायदा साफ आहे, ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे. हे सुहासला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने कायद्याऐवजी भावकीला फोन लावला.

असली चूक आपणच करू शकतो. रजेचा अर्ज साहेबाकडे जातो, इथे तो व्हिडिओ कॉलवर गावी गेला. वहिनींची समजूत काढायला म्हणून मलाही बोलावलं होतं. पडद्यावर सुहासचे चुलते, आबा. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला.

"नलू, अडीनडीला धावतं तेच नातं," आबांनी सुरुवात केली. "म्हातारीला टाकून जानं शोभत न्हाई."

"खरं हाय, आबा," वहिनी नम्रपणे म्हणाल्या. "तुमची तर सख्खी भावजय. म्हयनाभर तुमीच या. भावजी तिकीट काढतील."

आबांचा आवाज अचानक तुटू लागला. रेंज गेली म्हणाले. मला हसू आवरेना. सुहास माझ्याकडे वळला, "तुम्ही तरी सांगा यांना." मी सांगितलं, पण त्याला. "सुहास, तुम्ही साहेब आहात की दीर, ते एकदा ठरवा. सोयीप्रमाणे दोन्ही नाही होता येणार." त्यानंतर त्याने मला बरेच दिवस ओळख दाखवली नाही. माझं काही अडलं नाही.

पुढच्या शुक्रवारी वहिनी नेहमीसारख्या बेल वाजवून आत गेल्या. पण शनिवारीही सोफ्यावरच. सुहासने आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "पाहुनी मुक्कामाला ऱ्हायलीया. पासपोर्ट हातात आला की कामाला लागंल. न्हाईतर लेबरच्या हापिसात जाईन. तितं नातं इचारत न्हाईत."

"आपल्या माणसावर तक्रार करणार तुम्ही?"

"आपलं मानूस हाय म्हनून तर आदी घरात सांगतेय."

आक्कांना त्यांनी उपाशी किंवा ओलं राहू दिलं नाही. सोफ्यावरून सूचना चालू होत्या, "भावजी, कुशीवर घ्या. हळू. आवो, पोतं न्हाई, आई हाय तुमची." इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिसं उघडली, बायको कामावर गेली आणि सुहासला घरीच थांबावं लागलं. त्याने ऑफिसला मेल पाठवली. थोड्या वेळात उत्तर आलं, रजा मंजूर. वहिनी बघत होत्या. त्या अगदी सहज म्हणाल्या, "बगा. तुमाला कुनी न्हाई इचारलं, तुमच्या मागं कंपनी कोन सांभाळनार म्हनून." सुहास उठला. त्याने लॉकर उघडला आणि पासपोर्ट त्यांच्या हातात ठेवला. त्या माणसाबद्दल चांगलं सांगण्यासारखं जे आहे, त्यात हे मी आधी सांगते.

निघताना आक्कांनी वहिनींचा हात धरून ठेवला. त्या परत येणार नाहीत, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीसुद्धा. सीमाला मुलगी झाली, फोटो आले, आणि रजा संपताच नलूवहिनी हजर. मी दारातच विचारलं, "खरंच आलात?"

"त्यात काय? रजेवर गेल्यालं मानूस परत येतं. पळून गेल्यालं येत न्हाई. मला पळायला लावलं न्हाई, म्हनून आले."

पुढे दोनेक वर्षांनी आक्का गेल्या. झोपेतच. सुहास त्यांना गावी घेऊन गेला, सगळं उरकून आला. मग इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींनी त्याच्या घरी शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. आक्का गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, आणि त्यावरही बायका कुजबुजत होत्या. सुहास बोलायला उभा राहिला. मनापासूनच बोलत होता. म्हणाला, "आमच्या वहिनींनी आईची सेवा केली. घरचं माणूस म्हणून. अगदी निःस्वार्थ."

"न्हाई," वहिनी म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"निस्वार्थ न्हाई भावजी. सेवा बी न्हाई. नोकरी केली मी. पगार घेऊन, सुट्ट्या घेऊन, रजा घेऊन केली. आन् चोख केली. माझी नोकरी पुसू नका."

सुहासने मान खाली घातली, मग हात जोडले आणि म्हणाला, "चोख केलीत, वहिनी."

त्या मटकन खाली बसल्या. माझा हात घट्ट धरला आणि मोठ्याने, कुणाची भीड न ठेवता म्हणाल्या, "झाली नोकरी. खलास. आता मला माज्या आक्कासाठी रडू द्या."