चिठ्ठीनं ठरवलेलं वर्ष

३० डिसेंबर, मंगळवार. दुपारी चर्चच्या हॉलमध्ये बसून मी बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या कापत होते. नव्या वर्षाच्या उपासनेत प्रत्येक घर एक चिठ्ठी उचलतं आणि तिच्यावरचं वचन वर्षभर दाराशी लावतं. चाल चांगली आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

चार वाजता कमिटी जमली. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. प्रश्न एवढाच होता, की येत्या वर्षात आपण करायचं काय आणि चर्चची एकुलती एक गाडी कोणत्या कामाला लावायची. पाळकसाहेबांना येऊन दोन वर्षं झाली. तेवढ्यात शिवणवर्ग निघाला आणि बंद पडला. गायनमंडळ निघालं, आता पेटीवर धूळ आहे. मोबाईलवरची प्रवचनं तीन रविवार चालली. टिकला फक्त बंजारा तांड्यावर गाडीनं जाऊन आम्ही घेतो तो बुधवारचा वाचनवर्ग, तोही त्यात कोणी लक्ष घातलं नाही म्हणून.

त्या वर्गात एक म्हातारी येते. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मागे सुनेच्या ऑपरेशनच्या कागदावर तिनं अंगठा उठवला. गर्भाची पिशवी काढणार होते, हे तिला नंतर कळलं. आता होळीच्या सुमारास नातीचं बाळंतपण आहे. "यंदा वाचल्याबिगर अंगठा नाही देत मी," असं तिनं मला बजावलंय. अक्षरं झाली, जोडाक्षरांशी अडली आहे.

हे सगळं मी कमिटीला सांगितलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं, मग माझ्यासमोरचे पाच कोरे कागद उचलले, त्यांवर वाचनवर्ग धरून पाच कामं लिहिली आणि घड्या करून अर्पणाच्या पिशवीत टाकली.

"आपण कोण ठरवणारे? प्रभूच दाखवील. बारावा प्रेषित निवडताना प्रेषितांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या."

"त्यांनी आधी दोन लायक माणसं निवडली होती, साहेब. मग चिठ्ठ्या टाकल्या. तुम्ही तं सारंच पिशवीत टाकून राह्यले."

खजिनदार काका खो खो हसले. "बाई, तुम्ही प्रेषितायलेही शिकवान!"

"बुधवारी आले असते तर त्यांनाही शिकवलं असतं."

सगळ्यांत वडीलधाऱ्या पंचांनी चिठ्ठी काढली. निघालं, 'फाटकावर कमान'. सगळे एकसुरात हालेलुया म्हणाले. कमानीचा रंग कोणता, दगडावर कोणाची नावं आणि कोणत्या क्रमानं, यावर पुढचा अर्धा तास भांडण झालं. विटा-रेती आणायला गाडी बुधवारीच मोकळी असते, तेव्हा वर्ग बंद.

"एक वर्ष थांबा फक्त," पाळकसाहेब म्हणाले. "प्रभूची इच्छा."

"बाळंतपण थांबणार आहे का वर्षभर?"

"काहून तापता एवढ्या?" काका म्हणाले. "चहा घ्या."

मला शिसारी आली. कमानीची नव्हे. ज्याला पुढे चालायला नेमलं तो माणूस कागदाच्या कपट्यामागे लपतो आणि त्या लपण्याला श्रद्धा म्हणतो, याची. थोडी स्वतःचीही. दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक नव्या कामाला पहिली टाळी मीच वाजवली होती. जुन्याचं काय झालं, असं एकदाही विचारलं नाही. चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळाचं रजिस्टर आणि हॉलची किल्ली पाळकसाहेबांच्या घरी देऊन आले. सहा दहाची एसटी धरली, फाट्यावर उतरले आणि तांड्यापर्यंत तीन किलोमीटर चालले. बाया कापूस वेचायला निघायच्या आत पोचायचं होतं. याडी चुलीपुढे होती.

"गाडी कुठी हाय?"

"कमान आणायला गेली."

"मंग तू कशी आली?"

"पायानं."

"मंग बस."

बाकीच्या बायांना सांगितलं, बुधवार तोच, वेळ मात्र सकाळी सातची. मग पाटीवर 'शस्त्रक्रिया' लिहिलं आणि याडीकडून एकेक अक्षर सोडवून घेतलं.