कोंबड्या कुणाच्या?

"मला बाई कुणाचा हेवा वाटत नाही," असं थोरली दिवसातून दोनदा तरी म्हणायची. जिला खरंच वाटत नाही, ती हे सांगत कशाला बसेल? धाकटी जाऊ घरात आल्याला सात वर्षं झाली होती, आणि सातही वर्षं थोरलीच्या पोटात दुखत होतं. त्यावर कुठलं चूर्ण चालत नाही.

धाकटीत नाव ठेवायला जागा नव्हती, हाच तर तिचा मोठा दोष. दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायला बसायची. अक्षर मोत्यासारखं, कपडे परीटघडीचे, बोलणं इतकं मऊ की तापाने फणफणलेला माणूससुद्धा तिला "सावकाश होऊ द्या" म्हणायचा. थोरली घरी बसून शिंप्याची काज-बटणं करायची. सुया टोचून टोचून बोटांची चाळण झाली, पण कौतुक कुणी केलं नाही. शर्ट घालताना काजं कोण बघतो? जेवताना धाकटीच्या हातची भाजी संपायची आणि थोरलीची उरायची. थोरलीचा नवरा बस ड्रायव्हर, दिवसभरात घरात पाच शब्द बोलला तर बोलला. त्यातले दोन म्हणजे, "धाकटीने केलीय?"

मागच्या अंगणात मात्र राज्य थोरलीचं. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. सकाळी ती खुंटीवरचा नवऱ्याचा जुना खाकी शर्ट अंगात चढवायची, खिशात मूठभर कण्या टाकायची आणि तीन पायऱ्या उतरून पाण्याच्या टाकीमागे खुराड्याकडे जायची. वाडग्यावर दोनदा टकटक केलं, "आऽ आ आ" अशी हाक दिली की नऊच्या नऊ पंख पसरून धावत सुटायच्या. राणीसाहेब, चोरटी, लंगडी सगळ्यांत पुढे. आणि मास्तरीण नावाची एक करडी कोंबडी होती, ती मान ताठ ठेवून शेवटी यायची आणि शर्टाच्या खालच्या बटणावर एक टोच मारायची. रोज. मग थोरली म्हणायची, "बघितलंत? ह्या घरात कुणी माझी वाट बघतं म्हटलं तर एवढ्याच." हे ती हसत म्हणायची, पण खरंच म्हणायची.

आणि नेमकं त्याच पायऱ्यांवर शेवाळ धरलं. एके दिवशी अंडी घेऊन वर येताना तिचा पाय घसरला. सात अंड्यांतली दोन वाचली. मांडीचं हाड काही वाचलं नाही.

ऑपरेशन झालं, घरी आणलं, पुढच्या खोलीत खाट टाकली. डॉक्टरांनी सांगितलं की दीड महिना पायरी उतरायची नाही, वाकायचं तर नावच काढायचं नाही. नवऱ्याची ड्यूटी पहाटे पाचला सुरू व्हायची. धाकटा दीर परगावी नोकरीला, शनिवारी रात्री यायचा. मग कोंबड्यांचं करणार कोण?

"मी बघते ना, ताई," धाकटी म्हणाली.

थोरली मनातल्या मनात खदखदून हसली. ही? इस्त्रीच्या घडीत वावरणारी? शेणा-विष्ठेत पाय ठेवायला? तोंडाने म्हणाली, "बघ बाई, जमलं तर."

पहिले दोन दिवस मागून काहीसुद्धा ऐकू आलं नाही. ना फडफड, ना कलकलाट. पुढच्या खोलीतून शब्द कळत नसत, पण कोंबड्यांचा गलका झाला तर भिंतीतूनही कळला असता. थोरली उशीवर डोकं टेकून सुखाने पडली. येत नाहीत हो हिच्याकडे! कोंबड्या झाल्या म्हणून काय, माणूस ओळखतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकदम फडफडाट, कलकलाट, कोंबड्याची बांग! नऊच्या नऊ धावल्या होत्या, तिला पायांची संख्या मोजता आली असती. धाकटी आत आली, हातात सहा अंडी, चेहऱ्यावर नुसता आनंद. "आज आल्या, ताई!"

"येणारच. पोट आहे त्यांना," थोरली म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसांचं एक वेळ ठीक, माणसं नाहीतरी चवीची लाचार. पण कोंबड्या? हाताने भरवलं त्यांना, राणीसाहेबांच्या पायात दोरा रुतला तेव्हा चष्मा लावून तासभर सुईने सोडवला, आणि दोन दिवसांत फिरल्या? फक्त दोन दिवस! नवऱ्याला तिने विचारलं, "खुंटीवरचा माझा शर्ट कुठाय?" तो म्हणाला, "फडकं केलं असेल." कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. घाण वाटली असणार परीटघडीवालीला. थोरलीने तिला तोंडाने विचारलं मात्र नाही. सात वर्षांत तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आता काय फडक्यावरून तोंड उघडायचं?

आठवड्यामागून आठवडे गेले. हातात वॉकर आला. एका दुपारी धाकटी दवाखान्यात असताना थोरली खट्-खट् करत, एकेक पायरी देवाचं नाव घेत अंगणात उतरली. कोंबड्या टाकीच्या सावलीत मातीत लोळत होत्या. वॉकरचा आवाज ऐकला मात्र, नऊही जणी ओरडत कुंपणापर्यंत पळाल्या. तिने वाडग्यावर टकटक केलं. "आऽ आ आ." कुणी हललं नाही. लंगडीसुद्धा तीन पायांचा जोर लावल्यासारखी पळाली. मास्तरिणीने मान वाकडी करून एका डोळ्याने तिला पाहिलं, आणि पाठ फिरवली.

थोरली तिथेच उभ्या-उभ्या रडली. राग, अपमान, हेवा, सगळं एकदम बाहेर आलं. "निमकहराम मेल्या!" ती म्हणाली. चार दिवस दुपारी ती खाली उतरत राहिली. कधी मक्याचे दाणे नेले, कधी भाताची शितं. ती मागे सरली की कोंबड्या येऊन खायच्या, ती पुढे आली की पळायच्या. परक्या बाईला वागवावं तसं.

पाचव्या दिवशी तिने कोंबडीवाल्याला फोन केला. शनिवारी ये, नऊही ने, कोंबडाही ने. रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "माझ्याच्याने आता होत नाही. देऊन टाकते."

नवऱ्याने घास तोंडात धरून तिच्याकडे पाहिलं. धाकटीच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "ताई, मी करते आहे ना! तुम्हाला त्रास नाही…"

"तू करते आहेस, तेच तर," असं अगदी जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "तुला नोकरी आहे. पुरे झालं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून गेली. थोरलीला वाटलं, बघा, आता तर हिच्याच झाल्या! रडते आहे हक्काने! मला नाहीत ना, मग कुणालाच नकोत. हा विचार चांगला नाही हे तिला कळत होतं. कळून उपयोग काय, वळत नव्हतं.

शनिवारी ती सहाच्या आधी उठली. शेवटचं एकदा बघायचं होतं, धाकटी त्यांना घालते तरी काय. वॉकरच्या पायांना तिने जुने मोजे बांधले, पायऱ्या बसत-बसत उतरली आणि टाकीच्या आडोशाला उभी राहिली.

खुराड्यासमोर ती स्वतःच उभी होती.

म्हणजे पाठमोरी तशीच. ढगळ खाकी शर्ट, कोपराला तिनेच लावलेलं ठिगळ, बाह्या तशाच दोनदा दुमडलेल्या. शर्टातल्या बाईने नखाने वाडग्यावर टकटक केलं आणि थोरलीच्या जाड्या, खरखरीत आवाजात हाक दिली, "आऽ आ आ! चला गं भवान्यांनो! ढकलू नका मेल्यांनो, मिळतंय सगळ्यांना!" नऊच्या नऊ धावल्या. मास्तरीण सर्वांत शेवटी आली आणि खालच्या बटणावर टोच मारली.

थोरलीच्या हातातून वॉकर निसटला. धाकटी दचकून मागे वळली आणि कानापर्यंत लाल झाली.

"हे काय?" थोरली म्हणाली.

"दोन दिवस दाण्याला शिवल्या नाहीत, ताई. संध्याकाळी खुराड्यात शिरेनात, चोरटी तर टाकीवर चढून बसली. मला रडूच आलं. मग खुंटीवरचा शर्ट घातला. तरी लांबच. मग तुम्ही चालता तसं चालले, तुमच्यासारखं बोलले, तेव्हा आल्या." ती शर्टाची बटणं घाईघाईने काढू लागली. "न विचारता घेतला. तुमच्या वस्तूला हात लावलेला तुम्हाला खपत नाही ना, म्हणून इथे खुराड्यातच खिळ्याला लावून ठेवते."

"दीड महिना धुतला नाहीस?"

"धुतला तर तुमचा वास जाईल ना." मग अगदी हळू म्हणाली, "खाज सुटते हो, पण."

थोरली पालथ्या बादलीवर बसली. इतके दिवस ह्या कोंबड्यांची आई म्हणवून घेतलं, आणि ह्या निघाल्या शर्टाच्या लेकी! तिला हसू आलं, आणि हसता हसता ती त्या शर्टाकडे नीट पाहू लागली. बाह्या दोनदाच दुमडायच्या, तिसऱ्यांदा नाही. टकटक नखाने, बोटाने नाही. "भवान्यांनो" म्हणताना आवाज खाली आणायचा. हे कोंबड्यांना माहीत होतं ते ठीक. पण तिला कसं? जिच्याकडे आपण सात वर्षं नीट पाहिलं नाही, ती कधीपासून आपल्याकडे इतकं बघत होती? लग्नाच्या नवऱ्याला विचारलं असतं तर तो बाह्या किती दुमडतात हे सांगू शकला नसता.

"शर्ट काढू नकोस," ती म्हणाली. "थंडी वाजेल." थंडी वगैरे काही नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. कोंबडीवाला मागे तारेचे दोन पिंजरे लावून आला होता. "चला काकू, कुठून सुरुवात करायची?"

"कुठूनच नाही. परत जा बाबा."

"अहो, तुम्हीच तर फोन केलात! एवढ्या लांबून आलो ना मी."

"केला. जळत होते मी, म्हणून केला."

"कुणावर?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. ती खाकी शर्टात, हातात वाडगं घेऊन उभी होती.

"माझ्याच शर्टावर," थोरली म्हणाली. "ये, बस, तू आलास तसा चहा घेऊन जा. आज चहा मी करते. उरला तरी सगळ्यांनी प्यायचा."