लाँड्रीतलं हळदीकुंकू

काल शेवटची अंघोळ घालताना कुणीतरी नलिनीकाकूंचं कुंकू पुसलं.

मी ते परत लावलं.

ज्यांना त्रास झाला त्यांनी इथे कमेंटमध्ये बोलावं. माझ्या पाठीमागे कुजबुज नको.

"अगं, त्या सवाष्ण होत्या का?" असं एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या.

नव्हत्या. मला माहीत आहे. काका गेले तेव्हा आम्ही शारजाला एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, मी शाळेत होते.

सगळ्यांना वाटलं, आता ही बाई छोट्या मुलाला, केतनला घेऊन पुण्याला परत जाणार. काकूंनी एका ऑफिसात सेक्रेटरीची नोकरी धरली, स्वतःचा व्हिसा केला आणि राहिल्या.

बिल्डिंगच्या खाली गफूरभाईंची लाँड्री होती. गफूरभाई मुलतानचे, सगळ्या बायकांना 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायचे.

दुकान एवढंसं. इस्त्रीची वाफ, एक खडखडणारा एसी आणि कुणीतरी फ्लॅट सोडताना टाकून दिलेला सोफा.

संध्याकाळी नवरे दुबईहून येताना जॅममध्ये अडकलेले असायचे. बायका युनिफॉर्मच्या पिशव्या घेऊन खाली यायच्या. कपडे पटकन व्हायचे. बायका मात्र तासभर हलायच्या नाहीत.

कुणाच्या नवऱ्याची नोकरी जाणार, कुणाच्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर येणार, सगळं आधी त्या सोफ्यावर कळायचं.

काका गेले तेव्हा त्यांचे शर्ट तिथेच टांगलेले होते. गफूरभाईंनी निरोप पाठवला नाही, की ते दुसऱ्या कुठे हलवलेही नाहीत.

बऱ्याच दिवसांनी काकू स्वतःच ते न्यायला आल्या. सोफ्यावरच्या बायका सरकल्या आणि मध्ये जागा केली. काकू शर्ट मांडीवर घेऊन दुकान बंद होईपर्यंत बसल्या.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या.

मग संक्रांत आली.

गफूरभाईंना आमचा एकच सण पाठ होता. जानेवारीत सगळ्या मराठी बायकांच्या काळ्या साड्या इस्त्रीला आल्या, की ते ओळखायचे. त्या वर्षीही दांडीवर काळ्या साड्यांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या फ्लॅटवर हळदीकुंकू होतं.

काकू ऑफिसचे कपडे घेऊन आल्या. गफूरभाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं,

"बाजी, आपकी काली साड़ी नहीं आई? कल तो फंक्शन है ना? ले आइए, अभी कर देता हूँ."



काकू हसून म्हणाल्या, "मुझे नहीं बुलाते, भाई. मेरे मिस्टर नहीं रहे ना."

"तो? दावत मिस्टर लोगों की है क्या?"

माझी आई उठली आणि तिने दांडीवरची आपली साडी काढून घेतली. "नलिनी, उद्या पाच वाजता इथेच ये. काळी साडी नेसून ये," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आई साडी नेसून, ताट घेऊन खाली निघाली. हळद, कुंकू, तिळगूळ. वाण आणायचं तेवढं विसरली.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "आई, इज धिस अलाउड?"

"नाही. तू ताट नीट धर."

काकू आल्या होत्या. नेसलेल्या काळ्या साडीवर घड्यांच्या खुणा तशाच होत्या. आईने कुंकवात बोट बुडवलं तसा काकूंचा हात आडवा आला.

"नको गं. लोक तुलाच बोलतील."

"बोलू देत. हात खाली घे."

हात खाली आला. आईने कुंकू लावलं. ठसठशीत. काकू रडल्या, आई रडली, आणि इस्त्रीच्या पँटी न्यायला आलेले दोन बॅचलर दारातच थिजले. गफूरभाईंनी त्यांना "यल्ला, यल्ला, बाद में" म्हणत बाहेर काढलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

अध्यक्षीणबाईंकडे निघालेल्या काहीजणी ते बघून आत आल्या. काहीजणी मान वळवून पुढे गेल्या. त्या कोण ते मला आजही आठवतं, आणि त्यातल्या दोघी ही पोस्ट वाचतील. वाचा.

वाण नाही म्हटल्यावर गफूरभाईंनी काउंटरखालून तारेचे हँगर काढले. आईने प्रत्येकीला एकेक हँगर वाण म्हणून दिला.

पुढच्या वर्षी मंडळाने आम्हाला बोलावलं नाही. आम्ही लाँड्रीत गेलो. तिसऱ्या मजल्यावरची फिलिपिनो नर्ससुद्धा आली, कपाळ पुढे करून.

पुढे ती बिल्डिंग पाडली, गफूरभाई मुलतानला गेले. माझी आईही आता नाही.

पण काकूंनी त्या संध्याकाळनंतर कुंकू कधी सोडलं नाही. ऑफिसात, बँकेत, पुण्याला परत आल्यावर जावांच्या नजरांसमोर. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "मैत्रिणीने लावलंय. मी का पुसू?"

आणि काल त्या बोलू शकत नव्हत्या तेव्हा तुम्ही ते पुसलंत.

मी केतनकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, लाव. तुझ्या आईसारखं लाव."

लावलं. ठसठशीत.

नंतर त्याने काकूंचं कपाट उघडून दाखवलं. काळी साडी अजून त्याच तारेच्या हँगरवर आहे. गंजलाय, पण त्यांनी टाकला नाही.

काकू, सुखाने जा. आई भेटली तर सांगा, ताट मी नीट धरलं होतं.

आणि कपाळाला हात लावून बघा. आता ते कुणी पुसणार नाही.