नव्या लॅपटॉपवरचा पहिला बिल्ड

रेवती आमच्या ऑफिसात रुजू झाली, त्या सकाळी तिच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर आमचा प्रोग्रॅम काही केल्या बिल्ड होईना, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्रॅम तयार होईना. एक लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणून वापरायचा तयार कोड, सापडत नाही, अशी लाल अक्षरांतली तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. माझ्या लॅपटॉपवर मात्र तोच प्रोग्रॅम सुरळीत बिल्ड होत होता.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती ओशाळून म्हणाली.

तिचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. तिच्यासारखीच कोरी सुरुवात करून पाहावी म्हणून मी माझा कॅश, म्हणजे पूर्वी कधीतरी उतरवून साठवलेल्या सगळ्या लायब्रऱ्या, पुसून टाकला आणि पुन्हा बिल्ड लावला. माझ्याही स्क्रीनवर तीच लाल अक्षरं! ती लायब्ररी जिथून आणायची, तो पत्ताच आमच्या सेटिंगमध्ये चुकला होता. जुन्या साठ्यावर आमचं भागत होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

"अगं, तुझं बरोबर आहे, आम्ही सगळे चुकलोय!" मी ओरडलोच. चूक ठरण्यात इतका आनंद असतो, हे मला ठाऊक नव्हतं. भरल्या घरात काय कमी आहे ते दिसत नाही. रिकाम्या हातानं आलेल्याला ते उंबऱ्यातच दिसतं.

रेवतीनं पत्ता दुरुस्त केला. दोन्ही लॅपटॉपवर बिल्ड झाला. मग खुर्चीत ऐसपैस टेकत तिनं विचारलं, "इथे चहा कुठे मिळतो?"