उलटे कान

"डावा हात वर कर," साहेब म्हणाले.

मी केला.

"आता उजवा."

तोही केला. दोन्ही हात वर, पकडलेल्या चोरासारखा उभा. वय बावन्न. घरी नातू रांगत होता. समोर पुण्याहून आलेले चार पाहुणे, हातात चहाचे कप.

"बघा, कळतं याला डावं-उजवं. आणि मेंढरं वळून आलेला हा माणूस मला सांगतोय, माझ्या कामात डावं-उजवं चुकलंय!"

पाहुणे हसले. एकाचा चहा बशीत सांडला.

"घे रे हात खाली. दुखतील."

दारात वैशाली उभी होती. साहेबांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी, राजूरकडच्या शेतकऱ्याची पोर. ती हसली नाही.

मी जे सांगायला गेलो होतो ते खरं होतं. ऐकलं नाही, हा साहेबांचा गुन्हा. पुढचा माझा आहे.

जालन्याबाहेर एका संशोधन संस्थेत मी उंदीरघर सांभाळायचो. पिंजरे धुणं, दाणा, पाणी. एका कामासाठी काळे उंदीर आणले होते. सगळ्यांच्या हृदयात जन्माचाच दोष, आईबापाच्या रक्तातून आलेला. अर्ध्यांना रोज चाकावर पळवायचं, अर्ध्यांना बसवून ठेवायचं. मग औषधानं निजवून एका यंत्रात घालायचं. माणसाला असतं तसंच एमआरआय, पण भोक तांब्याच्या तोंडाएवढं. पडद्यावर उंदराचं हृदय जिवंत दिसायचं, मिटताना, उघडताना. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले.

पळणारा कोणता, बसणारा कोणता, हे फक्त कानावरून कळायचं. पळणाऱ्याच्या डाव्या कानाला खाच, बसणाऱ्याच्या उजव्या. खाचा मारायचं काम माझं. हात लहानपणापासून बसलेला. आम्ही कोकरांचे कान असेच कापायचो. मागून उभं राहून. जनावराचं तोंड पुढं, आपलंही पुढं. त्याचा डावा तोच आपला डावा.

भिंतीवरच्या कागदावर मात्र उंदीर आपल्याकडं तोंड करून काढला होता. त्यातला डावीकडचा कान हा उंदराचा उजवा. मी चित्र पाहिलंच नाही. डावा म्हणाले, मी जनावराचा डावा कापला. वैशाली पडद्यापुढं चित्राप्रमाणं वाचत गेली. माझा पळणारा तिच्या वहीत बसणारा झाला.

एक उंदीर होता, शेपटीचं टोक वाकडं. चाकावरून उतरायचा नाही. एके दिवशी त्याचं हृदय पडद्यावर आलं. जोरकस. वैशाली म्हणाली, "मामा, हा बघा बसणारा. बसूनच कसा ठणठणीत हाय!"

मी शेपटी पाहिली. तोच. त्याला मी रोज माझ्या हातानं चाकावर ठेवत होतो.

पळण्यानं असली हृदयं बिघडतात, असं वहीतून निघत होतं. आजवर कुणी म्हणालं नव्हतं ते. साहेब हवेत होते, म्हणून पाहुणे आले होते. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. मग हात वर केले.

दुपारी वैशाली उंदीरघरात आली.

"मामा, खरं सांगा. कान उलटे हायेत का? उंदीर अजून जित्ते हायेत. मी सगळं पुन्हा करते. सायबाशी मी भांडते."

माझे कान तापलेले होते. ते हसू अजून ऐकू येत होतं. मेंढरं वळणारा. वाटलं, जाऊ द्या, बुडू द्या यांचं सगळं. बुडणार कोण, ते डोक्यात आलंच नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "बराबर हाय. मलाच भास झाल्ता."

"बिलकुल बराबर?"

"बिलकुल."

तिनं विश्वास ठेवला. काम संपलं, उंदीर मारले, जाळले. शोधनिबंध छापून आला. साहेबांचा फोटो पेपरात. ते वाचून जालन्यात मस्तगड भागातले म्हातारे सकाळचं फिरणं सोडून ओट्यावर बसायला लागले. मग दुसरीकडच्या लोकांनी हेच करून पाहिलं. कुठंच जुळेना. चौकशी लागली.

साहेबांनी मला आत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. "कानाच्या खुणा चुकल्या, त्या वैशालीनं केल्या, असं लिहिलंय. सही कर. तू गरीब माणूस, तुला कशाला त्रास?"

मी सही केली. इंग्रजीत. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहिता याव्यात म्हणून वैशालीनंच मला ती अक्षरं शिकवली होती.

चौकशीत तिला तो कागद दाखवला. तिनं सहीवर बोट ठेवलं. म्हणाली, "मामा, ही सही तर मीच शिकवली तुमाला."

डॉक्टरेट गेली. ती संस्था सोडून गेली. मी मात्र पुढं काही वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो.

यंदा संस्थेचा कार्यक्रम होता. जुन्या नोकरांना शाल-नारळ. साहेब शाल घेऊन पुढं आले आणि माईकवर म्हणाले, "आता तरी उजवा हात पुढं कर!"

सभा हसली. तेच हसू.

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. माईकजवळ तोंड नेलं. "कान मी उलटे कापले होते. सायबाला सांगितलं होतं. पोरीची काहीच चूक न्हाई. माझी सही खोटी."

मधेच माईक बंद झाला. कुणीतरी म्हणालं, "वय झालंय बाबांचं." पुढचं नाव पुकारलं. साहेबांनी माझीच शाल त्या माणसाला घातली.

दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यात गेलो. वैशाली बियाणं कंपनीत उगवण तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तवा विचारलं तर न्हाई म्हणले. आता काय करू मी याचं, मामा? उंदीर जाळले. सायब मोठे झाले. माझी उमर गेली." एक दाणा सरळ करत म्हणाली, "जा. ऊन व्हायच्या आत घरी जा."

बस म्हणाली नाही.

हे सगळं लिहून संस्थेला दिलं. विषय बंद आहे, असं उत्तर आलं. पुन्हा लिहून दिलं. त्याचं उत्तर नाही. येणारही नाही, हे मला कळतं. तिची वर्षं कुठल्याच कागदानं परत यायची नाहीत, हेही कळतं.

तिची माफी मागणार नाही. तिनं केलं माफ, तर मी सुटेन. तिला काय मिळेल? काही नाही. मला सुटायचं नाही.

हात चालतोय तोवर हा कागद लिहीत राहीन. संस्थेला, पेपरवाल्यांना, जो उघडेल त्याला. खाली तीच सही करीन, तिनं शिकवलेली. आणि पुन्हा कुणी म्हणालं, डावा हात वर कर, तर करणार नाही. कान मी कापले. ती विचारायला आली तेव्हा खोटं मी बोललो. एवढंच सांगेन, आणि तिथंच उभा राहीन.