लुगड्यांचं कारण

माझी मुलगी एम.कॉम.ला होती तेव्हा तिच्या अभ्यासात पैशाचा बाजार नावाचा विषय होता. मी चौथी शिकलेली, विड्या वळणारी. मी विचारलं, "हा बाजार भरतो कुठं?"

"कुठंच भरत नाही. बँका एकमेकींना पैसे देतात. फोनवर."

"मग आपला मंगळवारचा बाजार बरा की. वांगं दाबून तरी बघता येतं."

ती हसली नाही. त्या काळात ती माझ्या बोलण्याला हसत नसे. बँका नुकत्याच सरकारी झाल्या होत्या आणि तिला बँकेत लागायचं होतं. सोलापुरात आमच्या चाळीतून कॉलेजात जाणारी ती एकटीच. नळावर मी ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची.

एक दिवस तीच म्हणाली, "आई, तुझी भिशी आमच्या पुस्तकात आहे. असंघटित क्षेत्र म्हणतात. सर बघायला येणार आहेत." मी लगेच हो म्हटलं.

भिशी माझ्या खोलीत बसायची. महिन्यातून एका रविवारी चाळीतल्या विड्या वळणाऱ्या बायका ठरलेले पैसे पितळी डब्यात टाकायच्या. चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. पण कुणाची फारच नड असली तर ती चिठ्ठी काढायच्या आधी डब्याच्या झाकणावर सुपारी ठेवायची. मग त्या महिन्याचे पैसे तिचे. कशाला हवेत, हे विचारायचं नाही. नवरा मारत असेल, पोरीला नको ते झालं असेल, चूल थंड असेल. सुपारी ठेवली की विषय संपला. ही रीत आमची, कुणी शिकवलेली नव्हे.

त्या महिन्यात सुपारी मलाच ठेवायची होती. आमच्या मालकांना, पोरीच्या वडलांना, गिरणीतून कमी केलं होतं. परीक्षा होईपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तिला कळलं असतं तर तिनं शिक्षण सोडलं असतं. मालक रोज भाकरी बांधून निघायचे, तलावाच्या काठी बसायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. परीक्षेची फी भिशीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भरायची होती. त्यानंतर घेणार नव्हते.

आणि सर नेमके त्याच रविवारी आले. शेजारून आणलेल्या खुर्चीवर बसले. बरोबरची मुलं दारात उभी राहिली. मुलीनं आधीच माझं विडीच्या पानांचं सूप आणि तंबाखू कॉटखाली सरकवली होती. मी बघितलं.

सरांनी विचारलं, "तारण काय घेता?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगी म्हणाली, "म्हणजे कुणी पैसे बुडवले तर काय करता?"

आमच्या भिंतीला भिंत असलेली एक तेलुगू बाई होती, तिला सगळी चाळ अक्का म्हणायची. ती म्हणाली, "बुडवून जाणार कुटं? नळ एकच हाय."

बायका खिदळल्या. सरही हसले. "लिहून घ्या," मुलांना म्हणाले. मग म्हणाले, "आज कुणाला मिळणार?"

मी सुपारी ठेवली. मुठीत धरून धरून ती घामानं ओली झाली होती.

मुलगी कागदावर वाकलेली होती. वर न बघता पोस्टातल्या कारकुनासारखं तिनं विचारलं, "कारण?"

"ते न्हाई इचारत, पोरी," अक्का म्हणाली.

"अक्का, रकाना आहे. भरावाच लागतो."

मला गप्प बसता आलं असतं. पण मग तिनं घरी खोदून खोदून विचारलं असतं. सगळे थांबले होते. मी म्हणाले, "लुगडी घ्यायचीत. नव्या पेठेतनं."

माझ्याकडं दोनच लुगडी होती, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत. अंगावरचं तर दोन जुनी जोडून दंड घातलेलं. अक्कानं ती दंडाची शिवण बघितली, मग माझं तोंड बघितलं. "व्हय," ती सरांना म्हणाली, "हिला लई हौस लुगड्यांची. ऐकत न्हाई कुणाचं."

मुलं हसली. एकानं विचारलं, "चैन लिहू, सर?"

"अनुत्पादक खर्च," सर म्हणाले.

तसं मुलीनं लिहिलं. तिचे कान लाल झाले होते.

मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुलांपुढं लुगडी काढलीस! दुसरं काही सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

सोमवारी मी फी दिली. "बाबांचा पगार झाला?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

परीक्षा झाल्यावर गिरणीचं तिला सांगितलं. पुढं ती बँकेत लागली. पहिल्या पगारात तिनं मला नव्या पेठेतून लुगडं आणलं, समोर ठेवलं आणि बाहेर निघून गेली. तिला काय कळलं होतं ते मी विचारलं नाही. ते लुगडं मी फार नेसलेही नाही.

पण लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुढच्या महिन्यात एकीनं सुपारी ठेवली आणि कुणी न विचारताच म्हणाली, "नणंदेच्या बाळंतपणाला." त्यानंतर सुपारी ठेवणारी प्रत्येक बाई कारण सांगायला लागली. भिशी माझ्या खोलीतली, पहिलं कारण माझ्या तोंडून निघालेलं. आता कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

मग एका रविवारी अक्का आली ती मूठ मिटूनच. तिची लग्न झालेली लेक काही दिवसांपूर्वी एकटीच परत आली होती आणि दाराबाहेर दिसत नव्हती. अक्कानं हात डब्यापर्यंत नेला. बायका कान देऊन बसल्या. माझी लाज तिनं झाकली होती. तिच्यासाठी मला एक खोटं सुचलं नाही.

अक्कानं मुठीतली सुपारी तोंडात टाकली आणि कडकन फोडली. "बघताय काय?" ती म्हणाली. "काढा चिट्टी."

मी चिठ्ठी काढली. दुसरीचं नाव निघालं.