चार स्क्रूंचं देवघर

मेलबर्नमधलं आमचं घर शंभर वर्षांहून जुनं, दोन्हीकडच्या घरांना भिंतीने चिकटलेलं. पुढच्या खोलीतली फायरप्लेस कुणीतरी प्लायवूडने झाकली होती. तिथे संगमरवर चिकटवून देवघर करायचं, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवून टाकलं होतं.

छतावरची प्लास्टरची नक्षी दुरुस्त करायला एक म्हातारा कारागीर आला. न सांगता त्याने बूट दाराशी काढले. बोट वाकवून भिंती ठोकत, कान लावत तो खोलीभर फिरला. मग मला विचारून प्लायवूडचे चार स्क्रू काढले. आत हिरव्या फुलांच्या टाइल्स होत्या, एकही फुटलेली नाही.

"झाकणारा भला माणूस होता," तो म्हणाला.

मी संगमरवराचा बेत सांगितला. तो टाइल्सवरून अंगठा फिरवत राहिला.

"देव ठेव, नो वरीज. पण ग्लू नको, मेट, स्क्रू लाव. पुढच्याला काढता आलं पाहिजे."

मला रागच आला. किल्ल्या मिळून महिना झाला नव्हता, आणि याने पुढचा घरमालक आणूनही बसवला.

संगमरवर शेवटी आणलाच नाही. लाकडी देवघर प्लायवूडच्या स्क्रूंच्याच जुन्या चार भोकांत बसवलंय. त्याच्या खणात वाती, काडेपेटी आणि एक स्क्रूड्रायव्हर असतो.